पुन्हा वही उघडणाऱ्यांना लिहितं करताना

नव्या तुकडीच्या पहिल्या रविवारी मी काहीच शिकवत नाही. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्राचं एक पान देते आणि सांगते, 'यातली कुठलीही एक बातमी वाचा. मोठ्यानं नको, मनातल्या मनात.' मग गुपचूप त्यांच्या हातांकडे बघत बसते. पान कोण किती लांब धरतंय, कोण खिडकीच्या उजेडाकडे वळतंय, कोण नुसते मथळे बघून पान उलटतंय. चाळिशी लागलेली असते आणि चष्मा नसतो. 'आता डोक्यात काही शिरत नाही हो मॅडम' म्हणणाऱ्या कितीतरी जणांचं डोकं ठणठणीत असतं, बारीक अक्षर तेवढं दिसत नसतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या, जवळचा चष्मा करा, मग पुढचं बोलू, हा पहिला गृहपाठ. शिकवण्याची दुसरी कुठलीही युक्ती इतक्या लवकर गुण देत नाही.

मी मंगळवेढ्याकडची. आठवडाभर कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे शिकवणारी मार्गदर्शक, म्हणून बसते. याला आता १९ वर्षं झाली. नाशिकचं हे विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. ती गंगा आमच्या काळ्या रानात पोचते तेव्हा समोर बसलेली असते ती अंगणवाडी सेविका, जिला मुख्यसेविकेच्या परीक्षेला बसायचंय, एसटीचा कंडक्टर, पतसंस्थेतला शिपाई, दोन मुलांची लग्नं उरकून मोकळी झालेली आई, एखादी माजी सरपंच. शाळा सुटून कुणाला १२ वर्षं झालेली, कुणाला २६. असं कुणी तुमच्या केंद्रावर, गल्लीत किंवा घरातच असेल आणि त्यांना पदवीच्या अभ्यासाला बसवायचं तुमच्या मनात असेल, तर माझ्या हाताला काय लागलं ते सांगते.

आमच्यात एक शब्द सर्रास वापरतात, 'ही बॅच कच्ची आहे'. मीही वापरायचे. नंतर लक्षात आलं, की हीच माणसं चहाच्या सुट्टीत पीकविम्यावर वीस मिनिटं मुद्देसूद भांडतात आणि वर्गात आल्यावर 'पीकविम्याच्या अडचणी' या प्रश्नाला तीन ओळी लिहून पेन ठेवतात. तोंडात असलेलं कागदावर यायला मधे जी वाट हवी असते, ती कुणी त्यांना घालून दिलेली नसते. माझं सगळं काम त्या वाटेवरचं आहे.

आधी नाव जुळवा

अभ्यासाच्या आधी कागद. कंटाळवाणा भाग आहे, पण इथेच माणसं गळतात. बायकांच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याचा किंवा कधीच बंद पडलेला. दूरस्थ पद्धतीनं प्रवेश घ्यायचा तर हल्ली डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) काढावा लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी (श्रेयांक जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक), आणि हे सगळं आधारवर चालतं. म्हणून प्रवेशाच्या दोन महिने आधी एका रविवारी सगळ्यांना कागद घेऊन बोलवायचं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, आधार, लग्नाचा दाखला ओळीनं मांडायचे आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरन् अक्षर मोठ्यानं वाचायचं. 'सुवर्णा'चा 'सुर्वणा' झालेला असतो. आधारला स्वतःचा, चालू असलेला नंबर जोडून घ्यायला लावा. ईमेल आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायला सांगा. सुरक्षेच्या दृष्टीनं हे चूक आहे हे मला माहीत आहे, पण फोन नातवानं पाण्यात टाकला की तेच पान कामाला येतं.

बारावी झालेली नसेल तर काय, हे दर वर्षी विचारतात. माझा सल्ला सरळ आहे: १७ नंबरचा फॉर्म भरून मंडळाची बारावी बाहेरून द्या, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करा. एक वर्ष जास्त जातं, पण पुढे नोकरीच्या जाहिरातीत बारावीचं गुणपत्रक मागितलं की अडत नाही. १७ नंबरच्या तारखा मंडळ जाहीर करतं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम तुमचं. तारीख हुकली की माणूस वर्षभर थांबत नाही, कायमचाच थांबतो.

मोठ्यानं वाचायला लावू नका

ही माझी चूक, आणि ती मी दुसऱ्याच वर्षी केली. वाचनाचा अंदाज घ्यावा म्हणून एकेकाला उभं करून उतारा वाचायला लावला. ४५ वर्षांचा एक कंडक्टर, दिवसभर गर्दीत तिकिटं फाडणारा, हिशेबात पैशाची चूक न करणारा माणूस. 'लोकप्रतिनिधित्व' या शब्दापाशी अडला. मागून कुणीतरी हसलं. तो पुढच्या रविवारी आला नाही, त्यानंतरही नाही. बसस्टँडवर कधी दिसला की नमस्कार करायचा आणि घाईनं गाडीत चढायचा.

तेव्हापासून अंदाज घ्यायचा तो एकेकट्याला शेजारी बसवून. तीन गोष्टी बघायच्या. एक छोटा उतारा मनात वाचून त्यात काय होतं ते तोंडी सांगता येतं का. 'मी परत का शिकतोय' यावर दहा ओळी लिहिता येतात का. आणि शेकडेवारीचं एक गणित. लाल पेन पिशवीतच राहू द्या. त्या दहा ओळींचा कागद जपून ठेवा, सहा महिन्यांनी त्यांच्याच हातात द्यायचा आहे.

उताऱ्याचं सांगता येत नसेल, म्हणजे अक्षरं जुळतात पण अर्थ हाती लागत नाही असं असेल, तर प्रवेशाची घाई करू नका. वर्षभर रोज अर्धं पान वाचून सांगायची सवय लावा, मग फी भरा. संख्या भरायची म्हणून माणसं आत ओढणारी केंद्रं मी बघितली आहेत. पहिल्या परीक्षेलाच ती माणसं पुन्हा बाहेर असतात, या वेळी स्वतःला 'ढ' ठरवून.

बोला, मग स्वतःचंच ऐकून लिहा

आता मुख्य गोष्ट. एकाच बाईंचं सांगते, म्हणजे नीट दिसेल. वर्गात सगळे त्यांना मावशी म्हणतात, मीही म्हणते. शाळा नववीतच सुटली होती, मग बाहेरून दहावी, बारावी करत आमच्याकडे पोचल्या. एकदा ग्रामपंचायत सदस्य होत्या.

प्रश्न होता, 'ग्रामसभेचे महत्त्व स्पष्ट करा.' मावशींनी लिहिलं: 'ग्रामसभा महत्त्वाची आहे. ग्रामसभा गावात होते. ग्रामसभेला लोक येतात.' आणि वही बंद.

मी वही बाजूला सरकवली आणि विचारलं, 'मावशी, तुमच्या गावातली कुठली ग्रामसभा गाजली होती?'

'आवं मॅडम, घरकुलाची! ज्यांची माडी हाय त्यांची नावं यादीत, आन् आमच्या गल्लीतली इधवा बाई पत्र्याच्या शेडात. म्या उठून इचारलं, यादी कुणी केली? म्हणले, ठराव झालाय. म्हणलं, कवा झाला, दावा की. वही उघडली तर तहकूब सभेचा ठराव आन् सह्या सात. सात मानसांनी समद्या गावाची घरं वाटली व्हय?'

हे चार मिनिटं चाललं. मी म्हटलं, 'हेच मला व्हॉट्सअपवर बोलून पाठवा. घरी गेल्यावर, निवांत.' त्यांनी पाठवलं. पुढचा हुकूम असा, की मी काहीही लिहून देणार नाही. तुम्हीच तुमचं बोलणं ऐकायचं, एक वाक्य झालं की थांबवायचं आणि जसं बोललात तसं उतरवायचं. 'इचारलं' तर 'इचारलं'. फोन थांबवायला नात बसली होती म्हणे. दीड पान झालं. मावशींनी आयुष्यात एका बैठकीला लिहिलेलं सगळ्यात मोठं लिखाण.

पुढच्या रविवारी त्या दीड पानाशेजारी पेन्सिलीनं खुणा केल्या. प्रत्येक वाक्याला विचारायचं: तू काय सांगतोस? 'काय घडलं' सांगणाऱ्या वाक्याला घ, 'का' सांगणाऱ्याला क, 'त्यामुळे काय झालं' सांगणाऱ्याला त. मावशींच्या पानावर घ ची रांग लागली होती, क दोन, त एकच. मग मी विचारलं, 'सात सह्यांवर ठराव झाला, म्हणून गावाचं काय बिघडलं?' त्या जे बोलल्या ते लगेच लिहायला लावलं. असे तीन-चार त तयार झाले. पेपर तपासणारा तेच शोधत असतो.

तिसऱ्या बैठकीत वाक्यं हलवली. त वर चढले, घटना उदाहरण म्हणून खाली गेली. मावशींचा परिच्छेद असा झाला:

'गावातील योजनांचा लाभ कोणाला मिळावा हे ग्रामसभेत सर्वांसमोर ठरते. त्यामुळे चुकीच्या नावांवर कोणालाही आक्षेप घेता येतो. लोक सभेला आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि थोडेच लोक निर्णय घेतात. उदाहरणार्थ, एका गावात घरकुलाची यादी तहकूब सभेत सात सह्यांवर मंजूर झाली आणि खऱ्या गरजू विधवेचे नाव राहून गेले. म्हणून लोक हजर राहिले तरच ग्रामसभेला महत्त्व येते.'

पुस्तक उघडलं ते यानंतर. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, ती एप्रिल १९९३ मध्ये लागू झाली, कलम २४३-अ मध्ये ग्रामसभा. हे एक वाक्य परिच्छेदाच्या डोक्यावर बसवलं की झालं उत्तर. पुस्तक आधी उघडलं असतं तर तेच वाक्य मावशींनी पाठ केलं असतं आणि पेपरात त्याचं कलमही चुकलं असतं आणि वर्षही. स्वतःच्या घडलेल्या गोष्टीला टांगलेलं वर्ष सहसा चुकत नाही.

या एका उत्तराला तीन रविवार गेले. दुसऱ्याला दोन. दिवाळीपर्यंत फोनची गरज संपली, मावशी ओठ हलवत मनातच बोलायच्या आणि लिहायच्या. घाई करू नका, पहिली दोन उत्तरं कितीही वेळ खाऊ द्या.

बोलीबद्दल दोन शब्द. मराठीची शिक्षिका असून सांगते, 'कवा' म्हणणाऱ्याला बोलताना टोकू नका. बोलताना टोकलं की तोंड बंद होतं आणि आपला कच्चा मालच तुटतो. वहीचं एक पान मधोमध दुमडायचं. डावीकडे 'इचारलं, कवा, दावा, समदी', उजवीकडे 'विचारले, केव्हा, दाखवा, सर्व'. हे पान ज्याचं त्यानं भरायचं. आणखी एक नियम: पेपरात 'झाले' लिहायचं की 'झालं', एक काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच धरा. एकाच ओळीत दोन्ही आले की वाचणाऱ्याला खडा लागतो.

भाकरीचा पेपर

प्रश्नपत्रिकेतलं क्रियापद न वाचणं हा पुन्हा शिकणाऱ्यांचा मोठा रोग. 'बचत गट' हा शब्द दिसला की बचत गटाबद्दल जे जे येतं ते ओतायचं. यावर मी एक पेपर काढते, विषय ज्वारीची भाकरी.

भाकरीची व्याख्या द्या. भाकरी आणि चपाती यांतील फरक स्पष्ट करा. भाकरी थापताना मोडते, कारणमीमांसा करा. 'भाकरीचे बदलते स्थान' यावर टीप लिहा. रोजच्या जेवणात भाकरी की चपाती, मूल्यमापन करा.

आमचा मंगळवेढा ज्वारीचा तालुका, इथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही आहे, तेव्हा परीक्षार्थी विषयातले तज्ज्ञ असतात. पुरुषसुद्धा, निदान खाण्याच्या बाजूनं. कारणमीमांसेला बायका धडाधड सांगतात: पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली, पाणी गरम नव्हतं, मळायला हात कमी पडला. मग मी विचारते, 'यात भाकरी पौष्टिक असते हे का नाही सांगितलं?' सगळ्या माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. 'मोडते का ते इचारलंय, पौष्टिकाचं कशाला?' तिथं बोट ठेवायचं. बचत गटाच्या प्रश्नात तुम्ही गेल्या आठवड्यात नेमकं हेच केलंत. आणि मूल्यमापन म्हणजे दोन्ही पारडी तोलून शेवटी आपलं मत सांगायचं, हे भाकरी-चपातीच्या भांडणातून जसं कळतं तसं माझ्या कुठल्याही व्याख्यानातून कळलेलं नाही. त्या दिवशी वर्ग वेळेवर सुटत नाही.

टक्के

गणिताला घाबरणारी बाई बचत गटाची वही लिहीत असते, हे विसरू नका. 'शेकडा दोन रुपये महिना' हे तिला येतंच. तिथूनच धरा. शेकडा दोन म्हणजे दोन टक्के, वर्षाचे २४. बँकेच्या जाहिरातीतले १२ टक्के वर्षाचे असतात, गटाचे दोन महिन्याचे, मग स्वस्त कोण?

मग जरा पुढचं. १०,००० रुपयांचं कर्ज, दर महिन्याला १,००० मुद्दल फेडायचं, दहा हप्ते. व्याज सगळे दहा महिने मूळ १०,००० वरच लावलं तर २,००० रुपये. शिल्लक राहिलेल्या मुद्दलावर लावलं, म्हणजे पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, तर एकूण १,१००. नऊशेचा फरक. एका वर्षी हे फळ्यावर झालं आणि मागच्या बाकावरची एक गटाध्यक्ष उठून बाहेर गेली, फोन करायला. सचिवाला झापत होती.

याच टक्क्यांवरून कायद्याची भाषा वाचायला शिकवता येते. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा चालायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, 'यापैकी जी संख्या कमी असेल ती'. हे शेवटचे सहा शब्द सगळे गिळून पुढे जातात. १,८६० मतदारांच्या गावात १५ टक्के म्हणजे २७९. मग कमी कोण? १००. वाडी ४८० मतदारांची असेल तर ७२. दोन्ही गावांचं ज्यानं स्वतः काढलं तो परत 'जी कमी असेल ती' वगळत नाही. मावशींनी यावर विचारलं होतं, 'पर मॅडम, शंभर बी येत न्हाईत की.' मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. 'म्हंजी त्या सात सह्या तिथनं आल्या व्हय!' गणित, कायदा आणि गाव असे एका ओळीत आले की मला त्या रविवारचा प्रवासखर्च वसूल झाल्यासारखा वाटतो.

हात

याकडे कुणी बघत नाही. वीस वर्षांत सहीशिवाय काही न लिहिलेला हात तीन तास चालत नाही, अंगठा आखडतो. पहिल्या महिन्यात दहा मिनिटं कुठलाही मजकूर उतरवायला लावा आणि ओळी मोजा. सहा-सात भरल्या तर घाबरू नका. रोज पंधरा मिनिटं नुसतं उतरवून काढायचं, डोकं न लावता, देवाची पोथी चालेल, पाककृती चालेल. दर रविवारी ओळी मोजून वहीच्या कोपऱ्यात आकडा. अक्षर सुंदर करायच्या भानगडीत पडू नका. ते ओळीवर बसावं आणि दोन शब्दांत जागा सुटावी, बास. शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर वेगळी देणारे फार मागे पडतात, शब्द पुरा झाला की एकदाच ओढायला शिकवा.

घड्याळाचा हिशेबही याच वहीत. ८० गुणांचा तीन तासांचा पेपर असेल तर गुणाला सव्वादोन मिनिटं. १६ गुणांच्या प्रश्नाला ३६ होतात, मी ३२ च सांगते, उरलेली परत वाचायला. पहिल्या प्रश्नावर सव्वा तास घालवून शेवटचे दोन कोरे सोडणारे दर वर्षी निघतात आणि त्यांचा पहिला प्रश्न फार देखणा असतो.

घर, सुगी, गाईड

'रोज दोन तास अभ्यास करा' असं कुणाला सांगू नका. त्या ऐवजी कालचा दिवस विचारा, उठल्यापासून. नळाला पाणी किती वाजता, डबे किती, गोठा कुणाकडे, शेवटची एसटी कधी. या यादीत पंचवीस मिनिटांची एक फट सापडते. बहुतेकदा ती चूल विझल्यावर असते किंवा पहाटे पाणी भरता भरता. ती एकच फट धरायची. पुण्यात फुले दांपत्यानं १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी शाळा काढली ती रात्रीची होती. दिवस रानातला, हे त्यांनी आधी बघितलं. आपण मात्र वेळापत्रक छापतो आणि मग गैरहजेरीवर बोलतो.

आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी. त्या रविवारी वर्गात चौघं. पूर्वी मी चिडायचे. आता सुगीत नवा धडा काढतच नाही. आठ-दहा मिनिटांचं बोलून पाठवते, रानात फोन पदराला बांधून ऐकतात.

दोघादोघांची जोडी लावा, शक्यतो एकाच रस्त्यावरच्या गावांतली. एक आली नाही की दुसरीनं फोन करायचा, मी नाही. माझा फोन आला की कारणं सांगतात, जोडीदारणीला खरं सांगतात. खरं कारण पुष्कळदा घरातलं असतं. 'आता काय कलेक्टर व्हायचंय का' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, की पहिल्याच रविवारी विचारून टाकते, घरी कोण म्हणालं? हात वर होतात, हसू येतं, ओझं थोडं उतरतं. वही कुठं ठेवायची हेसुद्धा ठरवून घ्या. एकीची वही अंगणवाडीच्या कपाटात असते, पोषण आहाराच्या रजिस्टरखाली, कारण घरी ती टिकत नाही.

गाईडबद्दल माझं आणि सहकाऱ्यांचं जुनं भांडण आहे. मी बंदी घालत नाही. बंदी घातली की पिशवीच्या तळाशी असतंच. माझी अट एवढीच, की आधी स्वतःचं उत्तर, मग गाईडमधलं, आणि मग आपल्यात काय नव्हतं ते एका रेघेत लिहायचं. फोनला विचारून आलेल्या उत्तरालाही हीच अट. एकानं तसा पूर्ण गृहपाठ फोनवरून उतरवून आणला होता, 'समावेशक विकासाच्या परिप्रेक्ष्यात' वगैरे. मी म्हटलं, परिप्रेक्ष्य म्हणजे काय? म्हणाला, 'मॅडम, आत्ताच आलंय गावात, अजून भेट न्हाई.'

परीक्षेच्या आधीच्या रविवारी एक पूर्ण पेपर खऱ्या वेळेत, खऱ्या बाकावर, पाणी पिण्यापुरतंच उठून. तो तपासून देताना जुना, 'मी परत का शिकतोय'चा दहा ओळींचा कागद वर ठेवून देते आणि काही बोलत नाही. आणि परीक्षेच्या सकाळी जोडीदारणीनं विचारायचं ते ठरलेलं: हॉलतिकीट, आधार, दोन पेनं, चष्मा.

निकालाला मात्र जागेवर राहा. एखादा विषय राहिला की माणसाला वाटतं सगळंच गेलं. त्याच दिवशी फोन करून सांगायचं, तेवढाच विषय परत द्यायचा आहे, फॉर्मची तारीख मी कळवते. दोन दिवस उशीर झाला तर वह्या रद्दीत गेलेल्या असतात, हे दोनदा झालंय माझ्याकडून.

मावशींना त्या पेपरात ८० पैकी ४१ पडले. 'पास हाय का तेवढं सांगा,' म्हणाल्या, आणि आहे म्हटल्यावर लगेच दुसऱ्या वर्षाचं विचारायला लागल्या. त्यांच्या नव्या गृहपाठाचा पहिला प्रश्न कालच बोलून आलाय, अकरा मिनिटांचा. त्यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे या रविवारी.